घरी जुळवलेल्या संगणकासाठी एसएमपीएस निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या दुकानांतून किंवा ऑनलाइन सुटे भाग मागवून कोल्हापुरात घरीच संगणक जुळवणारी मुले आणि त्यांचे पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते, आणि एसएमपीएस (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय), म्हणजे सगळ्या संगणकाला वीज पुरवणारा डबा, मात्र शेवटी हातात उरलेल्या पैशांत घेतला जातो. हा क्रम बदलावा असे मला मनापासून वाटते, आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच तळमळीतून लिहिली आहेत.

एसएमपीएस नेमके काय करतो?

घरातल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची एसी वीज असते, तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि डिस्क यांना 12, 5 आणि 3.3 व्होल्टची डीसी वीज लागते. एसएमपीएस प्रथम एसीचे उच्च दाबाच्या डीसीमध्ये रूपांतर करतो, मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि शेवटी हवा तो दाब स्थिर ठेवून बाहेर देतो. संगणकातला प्रत्येक भाग याच एका डब्यातून जेवतो, म्हणून रॅम खराब झाली तर फक्त रॅम जाते, पण एसएमपीएस वाईट रीतीने गेला तर तो सोबत मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

माझ्या संगणकाला किती वॉटचा एसएमपीएस लागेल?

सर्वांत मोठे दोन खाणारे भाग म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, त्यामुळे हिशेब त्यांच्यापासूनच सुरू करावा. उदाहरण म्हणून कोअर आय-5 12400 एफ आणि आरटीएक्स 4060 ही जोडी घेऊ. या प्रोसेसरच्या खोक्यावर 65 वॉट हा आकडा दिसतो, पण तो मूळ वेगाचा आहे. पूर्ण जोर लावल्यावर त्याची मर्यादा 117 वॉट आहे, आणि हिशेबात हाच आकडा धरायचा असतो. ग्राफिक्स कार्डाचे 115 वॉट, आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे व यूएसबीला जोडलेल्या वस्तू मिळून साधारण 60 ते 70 वॉट धरले, तर एकूण बेरीज 300 वॉटच्या आसपास येते.

मग 300 वॉटचाच एसएमपीएस का घेऊ नये? पहिले कारण असे की, ग्राफिक्स कार्ड सरासरीने 115 वॉट घेत असले तरी मिलिसेकंदाच्या अल्पशा अवधीत ते त्याहून बरेच जास्त ओढते, आणि मोठ्या कार्डांच्या बाबतीत हे झटके इतके तीव्र असतात की, नवीन कार्डांसाठीच्या कनेक्टरसह येणाऱ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद पेलला पाहिजे अशी अट एसएमपीएससाठीच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकात घालावी लागली. दुसरे कारण उष्णतेचे आहे. कायम शंभर टक्के भारावर चालणारा एसएमपीएस तापतो, त्याचा पंखा मोठ्याने फिरतो आणि आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, लवकर म्हातारे होतात. म्हणून बेरजेच्या दीडपट ते पावणेदोनपट क्षमता धरावी. वरच्या जोडीला 550 वॉटचा चांगला एसएमपीएस उत्तम पुरतो, आणि या कार्डासाठी निर्मात्याची शिफारसही 550 वॉटचीच आहे.

ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्डच नाही, ज्यावर हिशेब, टायपिंग आणि मुलांचा अभ्यास एवढेच होणार आहे, त्याला चांगल्या कंपनीचा 450 वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला.

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर 450 वॉट लिहिले आहे. मग तोच का वापरू नये?

कारण खोक्यावरचा ठळक आकडा आणि डब्यावरच्या स्टिकरमधला बारीक तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणताही एसएमपीएस हातात घेतला की प्रथम तो तक्ता वाचावा. त्यात प्रत्येक व्होल्टेजखाली अँपिअर दिलेले असतात. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या वाहिनीतून घेतात, त्यामुळे 12 व्होल्टखालच्या अँपिअरला 12 ने गुणले की त्या डब्याची खरी ताकद कळते. चांगल्या 550 वॉटच्या एसएमपीएसवर तेथे 45 अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो, म्हणजे 540 वॉट जवळपास एकट्या त्या वाहिनीवर मिळतात.

माझ्या पहिल्या संगणकात कॅबिनेटबरोबर आलेलाच डबा होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 450 असे छापलेले होते. नंतर घातलेले ग्राफिक्स कार्ड त्याने दोन महिने ओढले. एका रात्री खेळ चालू असताना टप् असा एकच आवाज झाला, पडदा काळा पडला आणि खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. दुसऱ्या दिवशी स्टिकर नीट वाचला तेव्हा 12 व्होल्टखाली 14 अँपिअर लिहिलेले दिसले, म्हणजे अवघे 168 वॉट. मदरबोर्डही गेला होता. तो तक्ता तेथे पहिल्या दिवसापासून होता. तो वाचायचा असतो हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून हे उत्तर इतके लांबवले आहे.

डबा हातात घेऊन त्याचे वजनही पाहावे. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण आत पुरेसे हीटसिंक, मोठा कपॅसिटर आणि कॉइल असलेला एसएमपीएस पोकळ डब्यासारखा हलका लागत नाही.

ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम यांचा अर्थ काय?

ही 80 प्लस नावाच्या कार्यक्षमतेच्या श्रेणीतली पायऱ्यांची नावे आहेत. सॉकेटमधून घेतलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष संगणकाला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच ती सांगते. 115 व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्रॉन्झसाठी किमान 85 टक्के आणि गोल्डसाठी किमान 90 टक्के कार्यक्षमता लागते. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर बहुतेक एसएमपीएस याहून थोडी अधिक कार्यक्षमता दाखवतात.

पैशांत हा फरक किती पडतो, ते पाहू. संगणक 300 वॉट घेत असेल, तर 85 टक्क्यांचा एसएमपीएस सॉकेटमधून सुमारे 353 वॉट ओढेल आणि 90 टक्क्यांचा सुमारे 333 वॉट. फरक 20 वॉटचा आहे. रोज पाच तास पूर्ण भारावर काम केले तरी वर्षाला साडेछत्तीस युनिट होतात, आणि प्रतियुनिट 10 रुपये धरले तर 365 रुपये वाचतात. म्हणजे केवळ बिल वाचवण्यासाठी गोल्ड घेण्यात फारसा अर्थ नाही. गोल्ड घ्यावा तो यासाठी की, त्या श्रेणीतले डबे सहसा चांगल्या रचनेचे असतात, कमी तापतात आणि त्यांची वॉरंटीही लांब असते. मात्र हे ‘सहसा’ आहे. आत सुरक्षेची व्यवस्था कशी आहे आणि कपॅसिटर कोणत्या दर्जाचे आहेत, याबद्दल 80 प्लसचे चिन्ह काहीच सांगत नाही. अतिदाब, अतिभार, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता या चारही प्रसंगी एसएमपीएस स्वतःहून बंद होतो की नाही, हे कंपनीच्या माहितीपत्रकात वेगळे तपासावे लागते.

750 वॉटचा लावला तर वीजबिल वाढेल का?

नाही. संगणकाला जेवढी वीज लागते तेवढीच एसएमपीएस ओढतो. 750 ही त्याची कमाल मर्यादा आहे. पुढे मोठे कार्ड घालायचे ठरले असेल तर आजच मोठा घेणे शहाणपणाचे आहे.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही; घरातली अर्थिंग खराब आहे, किंवा प्लगपर्यंत ती पोहोचतच नाही. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे संगणकाबरोबर माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

एसएमपीएसच्या तोंडाशीच एक फिल्टर असतो, आणि त्यातले दोन लहान कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना धातूच्या डब्याशी जोडतात. अर्थिंग चालू असेल तर तेथून झिरपणारा अगदी किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर तोच डबा, आणि त्याला स्क्रूने घट्ट बसवलेले सगळे कॅबिनेट, 230 च्या निम्म्याइतक्या म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहते. टेस्टर लावला तर दिवा लागतो, आणि अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभे राहून कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. हा प्रवाह मिलिअँपिअरच्या काही हिश्श्याइतकाच असल्यामुळे सहसा इजा होत नाही. पण आत कधी फेजची तार डब्याला टेकली, तर अर्थिंगअभावी पूर्ण 230 व्होल्ट कॅबिनेटवर येतील आणि फ्यूजही उडणार नाही.

यात एक गोष्ट हमखास नजरेआड होते. काही एसएमपीएसबरोबर परदेशी पद्धतीची, दोन जाड गोल पिनांची पॉवर केबल येते. ती आपल्या सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलच्या दोन भोकांत बसते, संगणक चालूही होतो, पण तिची अर्थिंगची पट्टी प्लगच्या कडेला असल्यामुळे ती आपल्या सॉकेटमध्ये कशालाच टेकत नाही. अशी केबल बाजूला ठेवावी आणि आपल्याकडची तीन पिनांची, जाड तारेची केबल वापरावी. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डातही तिसरे भोक नुसते दाखवण्यापुरते असते, आत तार जोडलेलीच नसते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत वायरिंग केलेल्या काळानंतर अर्थिंगच्या खड्ड्याकडे कोणी पाहिलेले नसते; वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असला पाहिजे.

आमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होते. स्टॅबिलायझर लागेल का?

उद्यमनगरात किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच ठाऊक आहे. शेजारच्या कारखान्यात वेल्डिंग सुरू झाले की घरातले दिवे लुकलुकतात. ज्या एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट 100 ते 240 व्होल्ट असे लिहिले आहे, म्हणजे ज्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) आहे, त्याला कमी व्होल्टेजची फारशी तमा नसते आणि वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज पडत नाही. ज्यावर 200 ते 240 किंवा नुसते 230 लिहिले आहे, तो अशा ठिकाणी घेऊ नये. जुन्या डब्यांच्या पाठीमागे 115 आणि 230 असे निवडण्याचे लाल बटण असते; ते चुकून 115 वर राहिले आणि प्लग लावला, तर डबा त्याच क्षणी उडतो.

यूपीएस कोणता घ्यावा? घरचा इन्व्हर्टर चालेल का?

यूपीएसवरचा मोठा आकडा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) असतो, वॉट नव्हे. बाजारातला 600 व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा 360 वॉटच देतो. वरच्या उदाहरणातला संगणक आणि मॉनिटर मिळून 360 च्या अगदी कडेला जातात, आणि खेळ चालू असताना लाइट गेली तर यूपीएस शिटी वाजवून बंद पडतो. अशा संगणकाला सुमारे 600 वॉट देणारा, म्हणजे साधारण 1000 ते 1100 व्हीएचा यूपीएस हवा.

स्वस्त यूपीएस बॅटरीवर चालताना गुळगुळीत साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस ही लहर चालवून घेतात, काही लाइट जाताच बंद पडतात. दुकानदाराकडे एसएमपीएस आणि यूपीएस यांची जोडी लावून, संगणक भारावर असताना मुख्य प्लग काढून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि परवडत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा.

इन्व्हर्टरचा प्रश्न वेळेचा आहे. इनपुट तुटल्यावर एसएमपीएस आपल्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण 16 ते 17 मिलिसेकंद तग धरतो. 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, यावरून ही वेळ किती थोडी आहे ते कळेल. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचे बटण असेल आणि ते लावलेले असेल, तर बहुधा संगणक चालू राहतो. साध्या मोडमध्ये तो पुन्हा सुरू होईल.

वळवाच्या पावसात आणि पुराच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग दाटून आले आणि गडगडू लागले की प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. ब्रॉडबँडची तांब्याची केबल घरात येत असेल तर तीही संगणकातून काढावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही येतो. स्पाइक गार्ड लहान झटके झेलतो, पण त्यालाही अर्थिंग लागतेच.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घरांत शिरले तेव्हा अनेकांचे संगणक जमिनीवर ठेवलेले होते. आजच्या कॅबिनेटांत एसएमपीएस तळाशी असतो, म्हणजे पाणी प्रथम त्याच्यापर्यंत पोहोचते. सखल भागात राहणाऱ्यांनी कॅबिनेट टेबलावरच ठेवावे. पुराच्या पाण्यात भिजलेला एसएमपीएस वाळवून पुन्हा लावू नये. आत बसलेला गाळ ओलावा धरून ठेवतो. असा एसएमपीएस टाकून द्यावा.

मॉड्युलर केबलचा फायदा काय, आणि जुन्या केबल चालतील का?

मॉड्युलर एसएमपीएसमध्ये लागतील तेवढ्याच केबल जोडता येतात, त्यामुळे आत गुंता होत नाही आणि हवा मोकळी खेळते. लहान कॅबिनेटसाठी ही सोय पैसे मोजण्यासारखी आहे.

पण एका एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नयेत, दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी. केबलचे मदरबोर्डाकडचे टोक प्रमाणित असते. एसएमपीएसकडच्या टोकात कोणत्या पिनेवर कोणता दाब द्यायचा हे प्रत्येक निर्माता स्वतः ठरवतो. आकार जुळतो, केबल खट्कन बसते, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जातात. मी एकदा केवळ एसएमपीएस बदलला आणि केबल व्यवस्थित बांधलेल्या आहेत म्हणून जुन्याच ठेवल्या. बटण दाबताच दोन हार्ड डिस्क गेल्या, त्यात घरच्या लग्नाचे सगळे फोटो होते. तेव्हापासून नव्या एसएमपीएसच्या पिशवीतून निघालेल्या केबलवर मी कागदी चिठ्ठी चिकटवून ठेवतो.

ग्राफिक्स कार्डाच्या कनेक्टरबद्दल काय पाहावे?

मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला 75 वॉट मिळू शकतात, सहा पिनांच्या कनेक्टरमधून आणखी 75 आणि आठ पिनांच्या कनेक्टरमधून 150. कार्डाला आठ पिनांची दोन तोंडे असतील तर दोन वेगळ्या केबल लावाव्यात. एकाच केबलला फुटलेली दोन टोके मोठ्या कार्डासाठी वापरू नयेत. प्रोसेसरची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात 12 व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट आहेत. ती चार-चारमध्ये फुटते आणि कार्डाची सहा-दोनमध्ये, ही ओळखण्याची खूण आहे. जोर लावून काहीही बसवू नये.

मोठ्या नव्या कार्डांना 16 पिनांचा 12 व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर असतो. त्यातून 600 वॉट, म्हणजे 50 अँपिअर जाऊ शकतात, आणि तो पूर्ण बसला नाही तर वितळल्याची उदाहरणे 2022 पासून आहेत. नंतरच्या एटीएक्स 3.1 मध्ये आलेल्या 12 व्ही-2×6 या सुधारित रूपात संकेत देणाऱ्या पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे कनेक्टर अर्धवट बसला असेल तर कार्ड वीजच घेत नाही. नवा एसएमपीएस घ्यायचा तर हाच पाहून घ्यावा. खाच बसल्याचा आवाज ऐकावा, बोटाने चाचपून फट नाही ना ते पाहावे आणि केबल कनेक्टरच्या अगदी मुळाशी वाकवू नये.

सेकंडहँड एसएमपीएस घ्यावा का?

घेऊ नये. प्रोसेसर पाच वर्षांनीही तसाच चालतो, पण एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर वापराने आटत जातात. तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणूनच 85 अंशांऐवजी 105 अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर चांगले मानले जातात. आधीच्या मालकाने तो कोणत्या उष्णतेत वापरला हे बाहेरून कळत नाही.

वर्कशॉपमध्ये संगणक ठेवायचा असेल तर?

फाउंड्री किंवा मशीन शॉपमधल्या हवेत ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी असते आणि ती वीज वाहून नेते. एसएमपीएसचा पंखा ती थेट आत ओढतो. तेथे कॅबिनेटच्या तळाला काढता येणारी जाळी हवी, ती आठवड्याला झटकावी आणि शक्यतो संगणक काचेच्या केबिनमध्ये ठेवावा. तळाला जाळी नसेल तर एसएमपीएस पंखा वरच्या बाजूला करून बसवावा.

वॉरंटीबद्दल काय विचारावे?

वर्षे किती, हे तर विचारावेच. पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर मी तो घेत नाही. त्याबरोबर खराब डबा कोल्हापुरातच जमा होतो की कुरिअरने बाहेरगावी पाठवावा लागतो, आणि त्याचा खर्च कोणाचा, हेही विचारावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर डब्याचा सीरियल नंबर लिहून घ्यावा.

एसएमपीएस गेला आहे हे घरी कसे तपासावे?

सर्व केबल संगणकातून काढाव्यात. मग 24 पिनांच्या कनेक्टरमधली एकमेव हिरवी तार आणि शेजारची काळी तार पेपरक्लिपने जोडून प्लग चालू करावा. सर्व तारा काळ्याच असतील तर हिरव्या तारेची जागा माहितीपत्रकातल्या आकृतीवरून शोधावी. पंखा फिरला तर निदान जीव आहे, मात्र काही डब्यांचा पंखा कमी भारावर मुद्दाम बंद असतो, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर मल्टिमीटरने पिवळी तार मोजावी: वाचन 11.40 ते 12.60 व्होल्टच्या आत असले पाहिजे. लाल तारेवर 5 आणि केशरी तारेवर 3.3 व्होल्ट असावेत, दोन्हींत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. आकडे बरोबर येऊनही भारावर संगणक बंद पडत असेल, तर ओळखीच्याकडचा चांगला एसएमपीएस त्याच्याच केबलसह लावून पाहावा.

डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 ते 400 व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात, आणि झाकणाचे चार स्क्रू काढणारा हात नेमका तेथेच जातो.